नंदादीप आणि 'नंतर'चं बटण

मंडळी, ऐका. या चराचर सृष्टीत अखंड असं एकच आहे — परब्रह्म. बाकी जे जे सुरू झालं, ते ते एकदा थांबणार. सूर्य संध्याकाळी थांबतो. भरती ओहोटीपाशी थांबते. खुद्द ब्रह्मदेवाचा दिवस मावळला की मांडलेली सगळी सृष्टी गुंडाळून ठेवावी लागते. हे सिद्धांतवाक्य मी आज दुपारी देवस्थानच्या कचेरीत बसून जुळवत होतो, तेवढ्यात डोक्यावरचा पंखा थांबला. इतक्या तातडीनं पुरावा मिळालेला दुसरा सिद्धांत माझ्या पाहण्यात नाही. वायरमन म्हणाले, "बुवा, तुमचं पाठांतर होईपर्यंत लाइट येईल." पाठांतर झालं. लाइट मघाशी संध्याकाळच्या आरतीला आली.

तर आजचा प्रश्न असा. आपल्या फोनात, कॉम्प्युटरात अधूनमधून काहीतरी नवं उतरतं. त्याला म्हणतात अपडेट. ते आपण घेतलं, आत आलं. आता सांगा — एवढ्यानं भागलं का? की ते यंत्र एकदा पुरतं मिटून पुन्हा उठावं लागतं? रीस्टार्ट करावाच लागतो का?

बघा, पूर्वरंगात मी मायेचं स्वरूप उलगडून सांगत होतो तेव्हा मंडप पेंगत होता. रीस्टार्ट म्हटल्याबरोबर सगळ्यांचे हात खिशाकडे गेले. राहू द्या. फोन आत ठेवा. उत्तर आख्यानात आहे.

खाली कोकणात कुडवळे नावाचं एक गाव. गाव म्हणजे एक देऊळ, एक दगडी पायऱ्यांची पाखाडी, दोन्ही बाजूंना घरं, आणि फोनला रेंज हवी असेल तर वरचा सडा, म्हणजे कातळाचं पठार. सड्यावर एक फणस आहे. त्या फणसाखाली गावातली निम्मी लग्नं ठरली आणि उरलेली निम्मी मोडली.

या गावच्या सिद्धनाथाच्या देवळात नंदादीप आहे. पितळेचा, हातभर उंच, छताला साखळीनं टांगलेला. तो विझू द्यायचा नाही, आणि ते काम आठल्यांच्या घराण्याकडे. सध्या मोरूअण्णा आठल्ये. शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले; दिव्यातून निवृत्ती नाही. सकाळी तेल, संध्याकाळी तेल. आणि वात बदलायची रीत तुम्हाला माहीत आहे ना? जुनी वात काढून नवी लावायची नाही. नवी शेजारी ठेवायची, जुनीवर पेटवायची, ती नीट धरली की मग जुनी हळूच ओढून घ्यायची. वात बदलते, ज्योत तीच. अण्णांचे आजोबा गेले, वडील गेले, कौलं जाऊन पत्रे आले — दिवा आपला चालू.

अण्णांना मुलं दोन. मोठी वृंदा, लग्न होऊन तिकडे मेलबर्नला. धाकटा शिरीष, नाक्यावर त्याचं गॅरेज. वृंदानं एका सुट्टीत येताना वडिलांना लॅपटॉप आणला. म्हणाली, "अण्णा, आता सड्यावर चढायला नको. इंटरनेटची वायर थेट घरात घेऊ. माजघरात बसून बोलायचं, तोंड बघत."

अण्णांनी लॅपटॉप दसऱ्यापर्यंत खोक्यात ठेवला. दसऱ्याला पाटावर मांडला, हळद-कुंकू वाहिलं, फूल ठेवलं आणि वृंदानं फोनवर सांगितलेलं बटण दाबलं. उजेड पडला. अण्णांनी हात जोडले. आणि मंडळी, इथेच चूक झाली, पण कुणाची म्हणाल? ज्या माणसानं जन्मभर एकच शिकलंय — की पूजा करून उजेड लावला तो विझवायचा नसतो — त्यानं लॅपटॉप पूजा करून लावला. तो कसा विझवेल?

त्यांनी तो कधीच बंद केला नाही. दुपारी झाकण मिटायचे. "निजला," म्हणायचे. लाइट गेली की घरातले पंखे बंद, टीव्ही बंद, प्रभाकाकूंचा मिक्सर अर्ध्या चटणीत बंद. इन्व्हर्टरवर एकटा लॅपटॉप. काकू म्हणायच्या, "अहो, मला पंखा द्या. घामानं भिजल्ये." अण्णा म्हणायचे, "तू घाम पुसू शकतेस. त्याला हात आहेत का?"

आता झोप वेगळी आणि रीस्टार्ट वेगळा, हे समजून घ्या. भगवान विष्णू शेषावर पहुडलेत, ती झोप. सगळं आत तसंच चालू; भक्तानं हाक मारली की डोळे उघडतात. ब्रह्मदेवाचा दिवस मावळतो आणि पुन्हा पहाटेपासून सृष्टी मांडली जाते, तो रीस्टार्ट. झाकण मिटलं म्हणजे प्रलय झाला असं नव्हे. आणि एक गंमत — आजकालची पुष्कळ यंत्रं नुसती बंद करून चालू केली तरी लबाडी करतात. लवकर उठता यावं म्हणून कालचं थोडं उशाशी घेऊन निजतात. आपण शपथा घालून निजतो ना उद्यापासून पहाटे उठेन म्हणून, आणि सकाळी मागचाच माणूस उठतो, तसं. रीस्टार्ट म्हणाल तेव्हा मात्र पाटी पुसून उठतात.

तर त्या लॅपटॉपवर अधूनमधून चौकट यायची. अपडेट तयार आहे, रीस्टार्ट करायचा का? खाली दोन बटणं — आत्ता, नंतर. अण्णा दाबायचे 'नंतर'. लॅपटॉप बिचारा सुसंस्कृत. 'नंतर' म्हटलं की गप्प बसायचा.

अण्णांना हे बटण आवडायचं, कारण तो त्यांचा स्वभावच होता. वृंदानं एके वर्षी आई-वडिलांची तिकिटं काढली. पासपोर्ट झाले. काकूंनी मेतकूट केलं, बॅगा भरल्या, बॅगांना नावाच्या चिठ्ठ्या लावल्या. आणि निघायच्या आदल्या दिवशी अण्णा लॅपटॉपसमोर बसून लेकीला म्हणाले, "यंदा नको गं. दिव्याचं कोण बघेल? नंतर येतो."

वृंदा ओरडली नाही, रडली नाही. "बरं," म्हणाली, आणि कॉल ठेवला.

नंतर नंतर म्हणता म्हणता दिवस मावळुन गेला ।
दारी येउन उभा पाहुणा परत फिरोनी गेला ॥

त्या दिवसापासून वृंदा वडिलांशी बोलली नाही. आईशी बोलायची, आई सड्यावर गेली की. "त्यांचा खोकला बरा आहे का?" असं विचारायची. "त्यांचा." लेकीच्या तोंडी अण्णांचे 'ते' झाले.

आणि लॅपटॉपवर ती शेवटच्या कॉलची खिडकी तशीच राहिली होती. वर वृंदाचं नाव, मधे तिचा छोटा गोल फोटो, खाली 'कॉल संपला'. अण्णांनी ती मिटली नाही. तिच्यावर पंचांग उघडलं, पत्त्यांचा डाव उघडला, बातम्या उघडल्या. पण सगळ्यांच्या मागे ती खिडकी उघडीच. सकाळी देवळातून आले की जुन्या धोतराच्या मऊ फडक्यानं काच पुसायचे. सगळी पुसायचे, त्यातल्या त्यात मधला भाग जास्त. काकू स्वयंपाकघरातून बघायच्या. बोलायच्या नाहीत. बायकोला नवऱ्याचं सगळं दिसत असतं मंडळी. ती काही वेळा दिसत नाही असं दाखवते, तो तिचा मोठेपणा.

पुढे शिरीषला मुलगी झाली. बारसं ठरलं. आता बाळाच्या कानात नाव कोण सांगणार? आत्या. आत्या कुठे? मेलबर्नला. सून सायली गुणी. तिनं परस्पर सड्यावर जाऊन नणंदेला फोन लावला. म्हणाली, "ताई, नाव तुम्हीच ठेवायचं. दुसऱ्या कुणाच्या तोंडून मी ऐकणार नाही." वृंदा म्हणाली, "लॅपटॉप पाळण्यापाशी ठेवा. मी सांगेन कानात."

ही गोष्ट घरात कळली, आणि अण्णा उठून देवळात गेले. तेल घालायची वेळ नव्हती. तरी घालून आले.

बारशाची सकाळ उजाडली. अंगणात मांडव, माजघरात पाळणा, पाळण्याला झेंडूच्या माळा. बायका जमल्या. घुगऱ्या शिजल्या. शिरीष लॅपटॉप घेऊन कॉल लावायला बसला आणि त्याचा चेहरा पडला.

"अण्णा, कॉल लागत नाही. म्हणतोय आधी अपडेट पुरा करा."

"मग कर की पुरा. मी कधी नको म्हटलं?"

"रीस्टार्ट करावा लागेल."

"ते सोडून बाकीचं कर."

"बाकीचं काही उरलंच नाही, अण्णा. सगळं केव्हाचं उतरून बसलंय. आत घ्या म्हणून दारात उभं आहे. तुम्ही किती वेळा 'नंतर' दाबलंत?"

"त्यानं विचारलं तितक्या वेळा."

शिरीषनं उंदराकडे — म्हणजे त्या माउसकडे — हात नेला. अण्णांनी त्याचा हात धरला. आणि शाळेत फळ्यापुढे उभे राहायचे तसे ताठ होऊन म्हणाले, "वात बदलायला दिवा विझवावा लागत नाही. नवी जुनीवर लावायची, जुनी काढून घ्यायची. चारशे वर्षं आमच्या घरात हे येतं. तुमच्या इतक्या हुशार कंपनीला येऊ नये?"

आता अण्णांचं म्हणणं अगदीच वेडगळ नव्हतं, बरं का. मोठाल्या कंपन्यांची यंत्रं असतात, ती चालू ठेवून आतला बारीकसारीक भाग बदलतात. होतं तसं. आपल्या फोनातसुद्धा साधंसुधं एखादं ॲप नवं झालं, तर तेवढंच मिटतं आणि उघडतं. बाकी कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणजे प्रत्येक वेळी रीस्टार्ट लागतोच असं नाही, हे लिहून ठेवा.

शिरीष गॅरेजवाला. तो म्हणाला, "अण्णा, गाडी चालू असताना काच पुसता येते. आरसा बदलता येतो. पण इंजिन उतरवायचं तर गाडी उभी करावी लागते. हे जे आलंय ते काचेचं नाही, इंजिनाचं आहे. ज्याच्यावर सगळं चाललंय तेच बदलायचंय. ते स्वतः चालत असताना स्वतःला कसं बदलणार?"

"दिव्याला इंजिन नसतं," अण्णा म्हणाले.

"मग वृंदाताईला सांगू का, की राहू दे म्हणून?"

तिकडे शेजारच्या द्वारकाकाकी पाळण्याची दोरी धरून बसलेल्या. त्या म्हणाल्या, "काय रे शिरीष, आत्याबाई कुठवर आल्या? माझ्या वेळी आत्या मुंबईहून बोटीनं आली होती. ती याच्या आधी पोचली."

प्रभाकाकू स्वयंपाकघरातून आल्या. हात पदराला पुसत त्या अण्णांच्या शेजारी टेकल्या.

"अहो, त्रिपुरीच्या आधी दिवा घासता ना तुम्ही?"

"घासतो. चिंच लावून. काजळी धरते."

"पेटलेला घासता?"

"काहीतरीच काय. हात भाजेल. खाली उतरवून, गार करून घासायचा."

"मग तेवढा वेळ दिवा विझलेलाच की."

"दिवा विझलेला," अण्णा म्हणाले, "पण ज्योत विझत नाही. ती आधी निरांजनात काढून घेतो. दिवा घासून झाला की निरांजनावरून पुन्हा—"

आणि अण्णा थांबले.

काकू हळूच म्हणाल्या, फक्त त्यांनाच ऐकू जाईल इतक्या हळू, "आपली वृंदा त्या खिडकीत नाही हो. ती तिकडे मेलबर्नला आहे. नटून बसल्ये. कॉलची वाट बघत्ये."

मंडळी, इथे क्षणभर थांबू या. अण्णांना लॅपटॉप विझायची भीती नव्हती. भीती ही, की पाटी पुसली गेली तर तो गोल फोटो जाईल, तिचं नाव जाईल, आणि ती परत आलीच नाही तर? उघडी खिडकी म्हणजे निदान काहीतरी चालू आहे असं वाटतं. 'कॉल संपला' लिहिलेलं असलं तरी. आपण माणसं कशाकशाला चालू समजत बसतो, नाही?

अण्णांनी पंचांग मिटलं. पत्त्यांचा डाव मिटला, हरतच होते. बातम्या मिटल्या. मागची ती खिडकी वर आली. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. मग शिरीषला म्हणाले, "कुठलं बटण?"

दाबलं.

पडदा काळा झाला. त्या काळ्या काचेत अण्णांना एक म्हातारा दिसला, तोंड उघडं टाकून बघत असलेला. इतकी वर्षं ते त्या काचेत लेकीला बघत होते. आपण तिला कसे दिसत असू, हे त्यांनी प्रथमच पाहिलं.

मग पांढरी अक्षरं आली. अपडेट चालू आहे, यंत्र बंद करू नका. एक चक्र फिरू लागलं. फिरलं, फिरलं. टक्के वाढले, मग एका आकड्यावर जाऊन बसले. बारशाला आलेल्या गुरुजींनी घड्याळ बघितलं. घुगऱ्या निवल्या. बाळ उठलं, रडलं, पाजलं, पुन्हा झोपलं.

"आता काय करतोय तो?" द्वारकाकाकींनी विचारलं.

"अपडेट होतोय," शिरीष म्हणाला.

"आमचे हे अंघोळीला गेले की असंच. आत काय चालतं देवाला ठाऊक."

बायका हसल्या. अण्णा हसले नाहीत. ते हलेचनात. आणि एकदाचा टक्का पुरा झाला, काच पुन्हा काळी पडली, आणि हळूहळू उजेड आला. स्वच्छ. कोरा. एकही खिडकी नाही.

अण्णा म्हणाले, "गेली."

त्यांचं वाक्य हवेतच होतं आणि लॅपटॉप वाजू लागला. वर नाव: वृंदा. तिकडून तिनं लावला होता. तीही तिथे बसून लावतच असणार, पुन्हा पुन्हा.

शिरीषनं बटण दाबलं. समोर वृंदा. काठापदराचं लुगडं, केसांत कसलंतरी तिकडचं पांढरं फूल. बाप-लेक एकमेकांकडे बघत राहिले. शेवटी वृंदा म्हणाली, "अण्णा, नुसतं कपाळ दिसतंय. जरा मागे व्हा."

अण्णा मागे झाले. 'ते' नाही, 'त्यांचा' नाही. अण्णा.

मग बारसं लागलं. अण्णांनी लॅपटॉप दोन्ही हातांवर धरला आणि पाळण्याशी वाकून बाळाच्या कानापाशी नेला. वृंदानं नाव सांगितलं. गार्गी. बाळानं डोळे उघडून लॅपटॉपकडे पाहिलं आणि जांभई दिली. पसंत पडलं.

आता पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. आत्यानं कानात नाव सांगितलं की बाकीच्या बायका तिच्या पाठीत काय घालतात? धपाटे. रीतच आहे. आणि कुडवळ्याच्या बायका रीत सोडणाऱ्या नव्हेत. आत्या लॅपटॉपात, म्हणजे आत्याची पाठ कुठली? लॅपटॉपची. द्वारकाकाकींनी पदर खोचला, हात उगारला. अण्णांनी बघितलं. लॅपटॉप छातीशी घट्ट धरला आणि गर्रकन बायकांकडे पाठ केली.

पडले धपाटे. अण्णांच्या पाठीत. द्वारकाकाकींचा तर असा पडला की अण्णांचा चष्मा नाकावरून खाली आला. कितीतरी वर्षांचा शेजारधर्म त्या हातात होता.

छातीशी धरलेल्या लॅपटॉपातून हसण्याचा आवाज आला. वृंदा हसत होती. "अण्णा, माझे धपाटे तुम्ही का खाताय?"

"तू नाहीस ना इथे," अण्णा म्हणाले.

हसणं थांबलं. अण्णांनी लॅपटॉप समोर धरला. वृंदा म्हणाली, "मग तुम्ही या ना इकडे. आईला घेऊन."

पाळण्याची दोरी थांबली. अण्णांच्या तोंडात ते अक्षर आलं. 'नं' आला. जीभ टाळ्याला लागलेली सगळ्यांनी पाहिली. काकूंनी डोळे मिटून घेतले.

अण्णांनी जीभ खाली घेतली. शिरीषकडे वळून म्हणाले, "उद्या पहाटे देवळात ये. वात कशी बदलायची ते दाखवतो."

शिरीष म्हणाला, "मला येते अण्णा. लहानपणापासून तुमच्या मागे उभा राहून बघतोय. तुम्ही कधी विचारलंच नाहीत."

"तरी ये," अण्णा म्हणाले. आणि लेकीला म्हणाले, "तिकिटं काढ. आईच्या बॅगांना चिठ्ठ्या अजून तशाच आहेत."

तर मंडळी, प्रश्नाचं उत्तर. रीस्टार्ट लागतोच का? बारीकसारीक असेल तर नाही लागत. चहातली साखर सोडा, तोंडातला तंबाखू सोडा — चालता चालता होईल. फार फार तर चार दिवस चिडचिड. पण बदलायचं ते मुळाशी असेल, ज्याच्यावर आपलं सगळं चाललंय तेच असेल, तर मात्र थांबावं लागतं. एकदा काळी काच बघावी लागते. त्याआधी जपायचं ते निरांजनात काढून घ्या, आणि मग दाबा.

तुम्ही इतकी वर्षं कीर्तन ऐकता. राग सोडावा, मान वाकवावी, रुसलेल्याला आपण होऊन हाक मारावी — हे सगळं तुमच्यात उतरलेलं आहे. आत येऊन बसलेलं आहे. प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी चौकट येते. तुम्ही माना डोलावता, आणि चपला घालता घालता 'नंतर' दाबता. कुणाचा भाऊ असेल, कुणाची जाऊ असेल, कुणाचा शेजारी असेल. मागे कुठेतरी एक खिडकी उघडी असेल, 'कॉल संपला' लिहिलेली. तिला रोज पुसत बसू नका. घरी जा आणि पलीकडच्याला हाक मारा. तोही तिकडे लावत बसला असेल.

आता आरती. आणि आरतीला उभं राहण्याआधी एक विनंती. मागच्या खांबापाशी माझा चार्जर आहे. त्याच्यावरून माझा फोन काढून कुणीतरी आपला लावलाय. ज्यांचा असेल त्यांचा भरला असेल तर माझा परत लावावा. भरला नसेल तर असू द्या.